पाइपची नळी साफ करायला घरचाच कापूस

तंबाखूचा पाइप ओढून झाला की नळीत काळा, चिकट ओलावा साचतो आणि चव कडू होत जाते. त्यासाठीच्या केसाळ तारा तालुक्याच्या बाजारात मिळत नाहीत. पण हिंगणघाट-वणीच्या पट्ट्यात कापसाचा काय तोटा?

१. हिराच्या झाडूची बारीक, लवचीक काडी घ्या. टोक ब्लेडने थोडं खरबरीत करा, म्हणजे कापूस निसटत नाही.

२. सरकी काढलेला कापूस समईच्या वातीसारखा घट्ट वळून टोकावर गुंडाळा. नळीचं छिद्र जेमतेम ३-४ मिमी असतं, तेव्हा पातळच ठेवा.

३. पाइप पूर्ण गार होऊ द्या, मगच तोंडाची दांडी हळूहळू फिरवत काढा. गरम असताना ओढली तर जोड तडकतो, आणि ब्रायरचा (एका कठीण लाकडाचा) पाइप आपल्या गावच्या सुताराकडून दुरुस्त होईल ही आशा सोडा.

४. कापूस गुंडाळताना काडी ज्या दिशेने फिरवली त्याच दिशेने ती फिरवत आत घाला, तशीच बाहेर काढा. उलटी फिरवली की बोळा आत अडकलाच. कापूस स्वच्छ निघेपर्यंत नवा लावत राहा.

तंबाखू भरायच्या वाटीतला कोळशाचा थर मात्र सगळा खरवडू नका. १ मिमीच्या आसपासचा थर लाकूड जळण्यापासून वाचवतो. पावसाळ्यात दोन्ही भाग रात्रभर वेगळे ठेवा.

स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट नळीत अजिबात घालू नका, त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं. आणि नळी कितीही स्वच्छ केली तरी तंबाखूचा अपाय कमी होत नाही.