आडवी रेघ: कुठे जोडायची, कुठे तोडायची

संयोगचिन्ह (-) आखूड असते आणि शब्द जोडते. अपसारणचिन्ह (—) लांब असते आणि वाक्यातला एखादा भाग बाजूला काढते. शंका आली तर रेघेच्या जागी ‘आणि’, ‘किंवा’ घालून पाहा. अर्थ जमला तर संयोगचिन्ह द्या. तिथे कंस शोभत असेल तर अपसारणचिन्ह.

संयोगचिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नये. ‘आई- वडील’ असे लिहिले की ओळ त्या रिकाम्या जागेवर तुटू शकते आणि रेघ आधीच्या ओळीच्या टोकाला लटकते. ‘दोन-तीन दिवस’ यात रेघ हवीच, कारण इथे नक्की आकडा नाही, अंदाज आहे. ‘रामकृष्ण’ हे एकाचे नाव, ‘राम-कृष्ण’ हे दोघे; अशा जागी रेघ गाळली तर माणूसच गायब होतो. विभक्तीचा प्रत्यय जोडीच्या शेवटी लागतो, पण पहिल्या शब्दाचेही सामान्यरूप करावे: ‘मुला-मुलींना’, ‘मुलगा-मुलींना’ नव्हे. ‘हळूहळू’, ‘बारीकसारीक’ हे मात्र सलग लिहायचे. ‘पुस्तका-वर’, ‘१०-वा’ असे प्रत्ययाआधी रेघ मारणे चूकच.

ओळीअखेर शब्द तोडावा लागला तर घटक पाहून तोडा: ‘महा-विद्यालय’. जोडाक्षर मधोमध फोडू नका.

अपसारणचिन्ह खरे अवघड, कारण ते बहुधा जोडीने येते. ‘त्याची तिन्ही पुस्तके — दोन कादंबऱ्या आणि एक नाटक — याच महिन्यात येतील.’ रेघांमधला मजकूर झाकून वाचा. उरलेले वाक्य धड लागले पाहिजे. नेहमीची चूक म्हणजे दुसरी रेघ विसरणे किंवा तिच्या जागी स्वल्पविराम देणे. मग वाचकाला मधला भाग कुठे संपला ते कळत नाही. तो भाग वाक्याच्या शेवटीच आला तर दुसरी रेघ नको, पूर्णविराम पुरे. बोलणे मध्येच तुटले तरी हेच चिन्ह: ‘मी सांगणार होतो, पण —’. शब्द हळूहळू विरत गेले असतील तर तीन टिंबे. एका परिच्छेदात अशा रेघांच्या दोन जोड्या झाल्या तर एक काढाच, वाचताना धाप लागते.

या दोघांच्या मधल्या लांबीची रेघ (–) आकड्यांमध्ये ‘ते’च्या अर्थाने येते: पृष्ठे ४०–५२. ‘४० पासून’ लिहिले की पुढे रेघ नको, ‘५२ पर्यंत’ लिहा. ‘उदाहरणार्थ:-’ मधली रेघ तर निव्वळ सवयीची आहे, अपूर्णविराम (:) एकटा पुरतो. तो टंकताना विसर्गाची कळ दाबली जात नाही ना, तेवढे बघा.

विंडोजवर ऑल्ट दाबून ठेवून उजवीकडच्या अंकफलकावर ०१५० टंकले की मधली रेघ येते, ०१५१ ने लांब रेघ. मॅकवर ऑप्शन आणि संयोगचिन्हाची कळ एकत्र दाबा. लांब रेघेसाठी सोबत शिफ्टही. बऱ्याच फोनवर संयोगचिन्हाची कळ दाबून धरली की बाकीच्या रेघा दिसतात. वर्डमध्ये जोडशब्द ओळीअखेर तुटू द्यायचा नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि संयोगचिन्ह. एक्सेलमध्ये इंग्रजी अंकांत ‘पाच-दहा’ अशी आखूड रेघ घातली तर त्याची तारीख होऊन बसते. त्या रकान्याचे स्वरूप आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा, नंतर बदलल्यास मूळ मजकूर परत येत नाही.