ट्रेनिंग रेस्टॉरंट: जेवण पाहुण्यांचं, परीक्षा आपली

साडेबाराला पहिलं टेबल बसणार होतं आणि बारा वाजून दहा मिनिटांनी माझं हॉलंडेज फाटलं.

ज्यांनी अजून हॉटेल मॅनेजमेंटला अ‍ॅडमिशन घेतलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. हॉलंडेज म्हणजे अंड्याचा बलक आणि वितळलेलं लोणी एकजीव करून केलेला सॉस. फ्रेंच स्वयंपाकात जे पाच ‘मदर सॉस’ शिकवतात, त्यातला सगळ्यात नखरेल. लोणी घाईने ओतलं की तूप सुटतं. आच जास्त झाली की बलकाची भुर्जी होते. भुर्जी झाली तर टाकून द्यायचं. नुसतं तूप सुटलं असेल तर वाचतं. स्वच्छ वाडग्यात नवा बलक घ्यायचा, चमचाभर कोमट पाणी घालून फेटायचा आणि फाटलेला सॉस त्यात थेंब थेंब सोडायचा. हे सगळं मला पाठ होतं, जर्नलमध्ये चौकट आखून लिहिलेलंही होतं. पण त्या क्षणी मी पातेल्याकडे बघत नुसती उभी राहिले. शेफ मागून येऊन एवढंच म्हणाले, “अंडं फोड. रडायला दोननंतर वेळ आहे.”

मी कोपरखैरण्याची. कॉलेज नवी मुंबईतच होतं, नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही करणार आहे. आमच्याकडे मुलंच चालवायची असं एक ट्रेनिंग रेस्टॉरंट होतं: बारा टेबलं, फक्त दुपारचं जेवण, आधी फोन करून जागा धरायची. मेन्यू ठरलेला, दर बाहेरच्यापेक्षा बराच कमी. येणारे बहुतेक आसपासच्या सेक्टरमधले निवृत्त लोक, बँकेतले, आणि मुलांचे आईबाप. आमच्या हातचं खायला हे लोक पैसे देऊन का येतात, याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं.

या रेस्टॉरंटपर्यंत पोचायलाच वेळ लागतो, हे आधी लक्षात घ्या. पहिलं वर्ष बीटीकेत, म्हणजे बेसिक ट्रेनिंग किचनमध्ये जातं. कांदा ज्युलियन (लांब बारीक पट्ट्या), गाजर ब्रुन्वा (बारीक चौकोनी तुकडे), आणि बोटाला पट्टी. मग क्यूटीके, म्हणजे क्वांटिटी ट्रेनिंग किचन, तिथे एकदम शंभर माणसांची डाळ. हॉटेलांतलं इंडस्ट्रियल ट्रेनिंग करून आलात की एटीके, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड ट्रेनिंग किचन, आणि हे रेस्टॉरंट. घरी आई म्हणायची, “तीन वर्षं शिकून पोळी कधी येणार तुला?” पोळी अजूनही गोल येत नाही.

रेस्टॉरंटमध्ये पाळी असते. एक आठवडा किचन, एक आठवडा सर्व्हिस. आमच्या वर्गात सगळ्यांना किचनच हवं होतं. पांढरा कोट, उंच टोपी, फोटो छान येतात. सर्व्हिसचा आठवडा आला की तोंडं उतरायची. माझंही उतरलं होतं. आता नोकरीत चार वर्षं झाली, तर उलटं सांगते: जे शिकले त्यातलं निम्म्याहून जास्त त्या काळ्या वेस्टकोटात शिकले. किचनमध्ये चूक झाली तर शेफ दिसतो. बाहेर चूक झाली तर पाहुण्याचा चेहरा दिसतो, आणि तो चेहरा तुम्हीच टेबलापर्यंत नेलेल्या ताटलीकडे बघत असतो.

माझ्या पहिल्या सर्व्हिसच्या दिवशी चार नंबरच्या टेबलावर एक आजी आणि त्यांचा मुलगा बसले होते. आजींचं बोलणं कोल्हापूरकडचं, राहायला नेरूळला. पहिला कोर्स होता चिकन कन्सोमे. हे पारदर्शक सूप. स्टॉकमध्ये, म्हणजे हाडं उकळून काढलेल्या पाण्यात, खिमा आणि अंड्याचा पांढरा भाग घालून मंद आचेवर ठेवला की सगळा गाळ वर जमतो, आम्ही त्याला राफ्ट म्हणतो. मग खालून निवळ सूप मलमलीतून गाळून घ्यायचं. तीन तासांचं काम. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “मॅडम, धिस इज अ क्लॅरिफाइड चिकन कन्सोमे.” आजींनी चमचा बुडवला, वर धरला, आरपार बघितलं आणि मुलाला विचारलं, “हिनं गरम पाणी दिलंय का रे?”

मला काय सुचलं कुणास ठाऊक. कोल्हापूरकडे मटणाच्या बिनतिखटाच्या पातळ रश्शाला अळणी म्हणतात. म्हटलं, “आजी, अळणी आहे. गाळून घेतलेली.”

“मग तसं सांग की. अळणी कळते आम्हाला.” आणि चाटून संपवलं.

त्यानंतर ज्या टेबलावर मराठी ऐकू आलं तिथे मी कन्सोमेला अळणीच म्हटलं. पदार्थ समजावून सांगणं हा सर्व्हिसचा खरा धडा आहे. ताटली डावीकडून ठेवा आणि उजवीकडून उचला, पाणी ग्लासच्या काठाला न टेकवता ओता, मेन कोर्स झाला की टेबलावरचे तुकडे कपड्याने ताटलीत ओढून घ्या, हे हातांना आठवड्याभरात येतं. जिभेला वर्षं लागतात.

आता तक्रार. कॉलेजच्या माहितीपत्रकात किचनचे फोटो चकचकीत असतात. आमच्याकडे प्रॅक्टिकलला एका कोंबडीमागे आठ जण असायचो. तंगडी कोण कापणार यावरून भांडणं व्हायची, बाकीचे सात बघत राहायचे आणि जर्नल मात्र आठही जणांना पूर्ण लिहावं लागायचं. म्हणून अ‍ॅडमिशनच्या आधी तिथल्या ट्रेनिंग रेस्टॉरंटमध्ये जेवायला जा. आईबाबांनाही न्या. प्रॉस्पेक्टसपेक्षा जास्त कळतं. किचनचं दार उघडतं तेव्हा आत आरडाओरडा ऐकू येतो की नुसता ‘येस शेफ’? वाढणाऱ्या मुलाला पदार्थात काय आहे ते सांगता येतं का, की तो आत विचारायला पळतो? शिक्षक कोपऱ्यात उभे राहून बघतात की स्वतःच ताटल्या उचलायला लागतात? हे शेवटचं दिसलं तर मी दोनदा विचार करीन. मुलांना चुकूच देत नसतील तर तिथे शिकणार काय?

प्रवेशाचं थोडक्यात: नॅशनल कौन्सिल फॉर हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थांसाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा, चार वर्षांच्या बीएचएमसीटी या पदवीसाठी राज्याची सीईटी. दादरचं आयएचएम, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, १९५४पासूनचं आहे आणि आपल्याकडच्या मुलांचं पहिलं स्वप्न बहुधा तेच असतं. नाही मिळालं तरी बिघडत नाही. मला नव्हतं मिळालं.

ज्या गोष्टी कुणी आधी सांगत नाही त्यातली एक म्हणजे इंडेंट. उद्याच्या मेन्यूला काय सामान लागेल त्याची यादी आदल्या दिवशी स्टोअरला द्यायची. मी पहिल्या इंडेंटमध्ये लिहिलं होतं, कोथिंबीर दोन जुड्या. स्टोअरवाल्या काकांनी कागद परत केला. “जुडी श्रावणात वेगळी आणि मे महिन्यात वेगळी. ग्रॅम लिही.” त्यांचं म्हणणं पटायला एक दिवस पहाटे शेफ आम्हाला तुर्भ्याच्या एपीएमसीत घेऊन गेले तेव्हा वेळ लागला नाही. भाजीपाला, फळं, कांदा-बटाटा, मसाला आणि धान्य अशी पाच मार्केटं. आम्ही फिरलो फक्त भाजीपाल्यात, आणि तेवढ्यातच शेजारच्या दोन गाळ्यांवरच्या जुड्या एकीच्या दुप्पट दुसरी अशा दिसल्या.

दुसरी गोष्ट पाय. सेफ्टी शूज स्वस्तातले घेऊ नका, सुरीत पैसे वाचवा हवे तर. तिसरी, सगळीकडे घड्याळ आहे. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये रेंगाळू द्यायचं नाही, हे पहिल्याच आठवड्यात घोकून घेतात. रेस्टॉरंटमध्ये कळतं की ते घोकणं कशासाठी होतं, कारण दहा नंबरचा पाहुणा फोनवर बोलत बाहेर गेलेला असतो आणि त्याचा मासा पासवर, म्हणजे किचनमधून ताटल्या बाहेर द्यायच्या ओट्यावर, वाट बघत असतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हाइड पार्कला एक मोठी पाककला संस्था आहे, कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका. आद्याक्षरं सीआयए, त्यामुळे आमच्या वर्गात तिच्यावर विनोद फार. १९४६मध्ये महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना हाताला काम मिळावं म्हणून ती सुरू झाली. तिथल्या एका रेस्टॉरंटला प्रसिद्ध फ्रेंच शेफ पॉल बोक्यूज यांचं नाव आहे आणि तिथेही मुलंच शिजवतात, मुलंच वाढतात. हे शेफ आम्हाला वारंवार ऐकवायचे, विशेषतः ‘आमच्यावर गिनीपिगसारखे प्रयोग करता’ असं एखादा पाहुणा म्हणून गेला की.

पाहुण्यांबद्दलच बोलायचं तर आमची खरी अडचण चिडणारे पाहुणे नव्हते. चांगले पाहुणे होते. जेवण झालं की आम्ही अभिप्रायाचा कागद द्यायचो आणि नव्वद टक्के कागदांवर तेच: “छान. मुलांनी मेहनत घेतली. शुभेच्छा.” त्या कागदांचं आम्ही काय करणार? माझ्या त्या पहिल्या सर्व्हिसच्या दिवशीही तसेच अकरा कागद आले. बारावा चार नंबरचा होता. पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात: “मीठ कमी. अळणी म्हणजे बिनमिठाची नव्हे. मासा वेळेवर आला नाही. मुलगी चांगली.”

शेफनी तो कागद किचनमध्ये पासच्या वर चिकटवला. वाफेने मऊ होऊन गळून पडेपर्यंत तिथे होता.

गेल्या महिन्यात सुट्टी होती म्हणून त्याच रेस्टॉरंटमध्ये पाहुणी म्हणून गेले. वाढणारा मुलगा नवखा असेल, हात थरथरत होते, ताटली उजवीकडून ठेवली, मग आठवलं म्हणून उचलून डावीकडून ठेवली. मला हसू येत होतं. सूप कोमट होतं. शेवटी कागद आला. त्याच्याकडे बघून ‘छान’ लिहायला हात शिवशिवत होता. मी त्याच्याकडे पेन्सिल मागितली.