मक्याच्या कणसाला बुरशी: ढीग घालण्याआधी या चुका टाळा

खरीप मका काढणीला येतो आणि नेमका परतीचा पाऊस गाठतो. कणीस सोलून बुरशी दिसली की "पावसाने खराब झालं" म्हणून विषय संपतो. पण बुरशीचा रंग पाहिला तर चूक कुठे झाली याचा बराचसा अंदाज येतो.

दाण्यांवर ठिकठिकाणी पांढरी-गुलाबी बुरशी आणि दाण्याच्या टोकाकडून फाकलेल्या बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती फ्युजॅरियम. अळीने पोखरलेल्या कणसात ती हमखास सापडते. पिवळट-हिरवी, फुंकर मारली की उडणारी भुकटी असेल तर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. तुरा ते दाणे भरणे या काळात उन्हाचा आणि पाण्याचा ताण पडलेल्या पिकात ती जास्त येते. निळसर-हिरवी पेनिसिलियम बहुधा ओल्या साठवणीतली. फ्युजॅरियम फ्युमोनिसिन हे विष तयार करते, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन.

उत्पादनाचं नुकसान दोनदा होतं. रोगट दाणा आधीच हलका आणि भुसभुशीत असतो. मळणी यंत्रात तो फुटतो आणि चुऱ्यासोबत निघून जातो. उरलेल्या मालात तुकडा आणि काळपट दाणा दिसला की कोंबडीखाद्यवाले भाव पाडतात, नाहीतर गाडीच परत पाठवतात.

बुरशी दिसल्यावर फवारणी

हा खर्च वाया जातो. बुरशी कणसाच्या केसांतून किंवा अळीच्या छिद्रातून आत शिरलेली असते आणि वरून पानांचं आवरण असतं. औषध तिथवर पोचत नाही. लष्करी अळीचा बंदोबस्त पीक पोंग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या सुरळीच्या अवस्थेत, असतानाच करायचा. अळी कणसात शिरली की तिलाही त्याच आवरणाचा आडोसा मिळतो.

"उभ्यानेच वाळू दे"

कणसाच्या मधला दाणा काढून त्याचं कणसाला चिकटलेलं टोक नखाने खरवडा. काळा थर दिसला म्हणजे दाणा भरून झाला, आता वजन वाढणार नाही. त्या वेळी ओलावा 30 टक्क्यांच्या आसपास असतो. ऊन असेल तर थोडं थांबा. पाऊस दिसत असेल तर 20-25 टक्क्यांवर कणसं काढून आडोशाला वाळवलेली बरी.

ओल्या कणसांचा ढीग

सगळ्यात महागडी चूक हीच. मजूर मिळत नाहीत, थ्रेशरचा नंबर लागत नाही, म्हणून सोललेली कणसं खळ्यावर रचून वर ताडपत्री ओढतात. दुसऱ्या दिवशी ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं आणि कुबट वास आला तर समजा, बुरशीचं काम सुरू झालंय. 1974 मध्ये गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा भागात अफ्लाटॉक्सिनने शंभरावर माणसं दगावली, तीही अवेळी पावसात भिजून ओलाच साठवलेला मका खाऊन.

कणसं पातळ पसरा, रोज उलथवा, ताडपत्री फक्त रात्री आणि पावसात. बुरशीची कणसं मळणीआधीच हाताने वेगळी करा. एकदा दाणे मिसळले की निवडणं अशक्य. मळणी ओल्यात केली तर दाणा चेंगरतो आणि फुटक्या दाण्यात बुरशी आधी शिरते.

वेगळी काढलेली कणसं गोठ्यात

दुभत्या जनावराला तर अजिबात नको. अफ्लाटॉक्सिनचा काही भाग दुधात उतरतो. भाजून किंवा उकडूनही हे विष पुरेसं जात नाही.

दाण्याचा ओलावा मोजायचं मापक नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा मका आणि दोन-तीन चमचे कोरडं मीठ घालून हलवा आणि 15 मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. विक्रीला 14 टक्के चालतो, महिनोन्‌महिने ठेवायचा तर 12-13 वर आणा. 20 टक्क्यांचा 100 किलो मका 14 वर आला की सुमारे 93 किलो भरतो. या सात किलोंच्या लोभापायीच माल ओला भरला जातो. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा.