सैनिक शाळेची सहावीची प्रवेश परीक्षा: निम्मे गुण गणिताचे, तयारीही त्याच हिशेबाने

सैनिक शाळेच्या तयारीला लागलेल्या बऱ्याच घरांत पहिली खरेदी होते ती सामान्य ज्ञानाच्या जाडजूड पुस्तकाची. मूल रोज राजधान्या आणि पुरस्कार पाठ करतं, आणि गणित 'शाळेत चाललंय की' म्हणून मागे पडतं. गुणांची वाटणी एकदा नीट पाहिली तर असं होणार नाही.

सहावीच्या पेपरला एकूण १२५ प्रश्न, ३०० गुण आणि १५० मिनिटं. भाषेचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण. बुद्धिमत्तेचे २५, तेही दोन-दोन गुणांचे. सामान्य ज्ञानाचं तसंच. गणिताचे मात्र ५० प्रश्न आणि प्रत्येकाला ३ गुण, म्हणजे १५०. तीनशेतले दीडशे एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पात्र ठरायला प्रत्येक विभागात किमान २५ टक्के आणि एकूण ४० टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ही किमान अट नाही, त्यांची गुणवत्ता यादी आपापसांत लागते). हिशेब केला तर दोन गुणांच्या विभागात ७ आणि गणितात १३ प्रश्न बरोबर आले की विभागाची अट सुटते. पण पात्र होणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. १२० गुणांवर समाधान मानणाऱ्याच्या हाती बहुधा फक्त गुणपत्रिका येते.

देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ला साताऱ्यात सुरू झाली. चंद्रपूरची २०१९मधली. या दोन्हींसाठी आणि देशभरातल्या बाकीच्या सैनिक शाळांसाठी राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) एकच परीक्षा घेते. संगणकावर नाही, छापील प्रश्नपुस्तिका आणि गोल रंगवायची ओएमआर उत्तरपत्रिका. २०२१-२२पासून सहावीत मुलींनाही प्रवेश आहे.

अर्जाच्या आधी

वय ३१ मार्चला मोजतात, ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या. त्या दिवशी मूल १० ते १२ वर्षांचं असावं लागतं. २०२६-२७च्या प्रवेशासाठी जन्म १ एप्रिल २०१४ ते ३१ मार्च २०१६ यांच्या दरम्यानचा हवा होता. यावरून आपलं वर्ष काढा. एका दिवसाचीही सवलत नसते.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळेच्या रजिस्टरला तिसरं. आधारची दुरुस्ती अर्ज सुटण्याआधी उरकून घ्या. अधिवास दाखला सेतूतून काढायला वेळ लागतो, आणि प्रत्येक शाळेतल्या ६७ टक्के जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असल्यामुळे हा कागद नसला तर साताऱ्याचं मूलही साताऱ्यात बाहेरचं ठरू शकतं. ओबीसी असाल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला लागतो. राज्याच्या कामासाठी काढलेला दाखला घरात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आणि जात केंद्राच्या यादीत आहे ना तेही पाहून घ्या.

अर्ज सायबर कॅफेतून भरलात तरी मोबाईल नंबर आणि ईमेल घरचेच द्या. पुढे प्रवेशपत्र, निकाल, समुपदेशन सगळं त्याच नंबरवरच्या ओटीपीने उघडतं, आणि तोवर कॅफेवाल्याने कोणाचा नंबर घातला होता ते कोणालाच आठवत नाही.

माध्यम निवडताना सेमी इंग्रजीच्या मुलांची पंचाईत होते. सहावीचा पेपर मराठीतूनही देता येतो. पण ज्याने पहिलीपासून 'फ्रॅक्शन' आणि 'पेरिमीटर' म्हटलं, त्याला पेपरात 'अपूर्णांक' आणि 'परिमिती' वाचून क्षणभर थबकायला होतं. गणित निम्मं आहे, तेव्हा मूल गणित ज्या भाषेत करतं तीच भाषा निवडा. सराव मात्र मग शेवटपर्यंत त्याच भाषेत. हिंदी गाईडवरून मराठी पेपरची तयारी करणाऱ्यांसाठी एक धोका सांगून ठेवतो: मराठीत ज्या दोन कोनांची बेरीज ९० अंश ते कोटिकोन आणि १८० अंश ते पूरक कोन. हिंदीत 'पूरक' म्हणजे ९० अंशांचे, आणि १८०च्या जोडीला 'संपूरक' म्हणतात. शब्द तोच, उत्तर भलतंच.

गणित: पाचवीचं पुस्तक पुरत नाही

राज्य मंडळाच्या पाचवीच्या पुस्तकावर विसंबलात तर अर्धा अभ्यासक्रम सुटतो. गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज हे आपल्याकडे सहावीच्या पुस्तकात भेटतात, कोटिकोन-पूरक कोन तर सातवीत. परीक्षेला हे सगळं लागतं. शिवाय लसावि-मसावि, सरासरी, वेग-वेळ, घन आणि इष्टिकाचितीचं घनफळ, रोमन संख्या, एककांचं रूपांतर, सेल्सिअस-फॅरनहाइट. म्हणून पाचवी सुरू होतानाच सहावीचं गणिताचं पुस्तक आणून ठेवा. क्रम असा लावा: आधी अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांक पक्के, मग शेकडेवारी, त्यावर नफा-तोटा आणि व्याज. अपूर्णांक कच्चे ठेवून शेकडेवारीकडे गेलेलं मूल पुढच्या तीन प्रकरणांत अडखळत राहतं आणि दोष मात्र व्याजाच्या सूत्राला जातो.

पाढे तीसपर्यंत, वर्ग तीसपर्यंत, घन दहापर्यंत. याला पर्याय नाही. ५० प्रश्नांना ७५ मिनिटं धरली तर प्रश्नाला दीड मिनिट मिळतं. त्यात सतराचा पाढा मांडत बसायला जागा नाही.

प्रश्न कठीण कमी आणि फसवे जास्त असतात. चुकीचे पर्याय उगाच छापलेले नसतात. मुलं ज्या वाटेने चुकतात त्याच वाटेची ती उत्तरं असतात. एक नमुना घ्या. बाग ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद. तिच्या बाहेरून चहूबाजूंनी २ मीटर रुंदीचा रस्ता. रस्त्याचं क्षेत्रफळ किती? घाईतलं मूल ४२ × २७ = ११३४ करतं, त्यातून १००० वजा करतं आणि १३४वर गोल भरतं. १३४ पर्यायांत असतंच. पण रस्ता दोन्ही बाजूंना आहे, तेव्हा लांबीत ४ आणि रुंदीतही ४ मिळवायचे: ४४ × २९ = १२७६, वजा १००० म्हणजे २७६ चौरस मीटर. यावर उपाय एकच, आकृती काढल्याशिवाय क्षेत्रफळाचं गणित सोडवायचंच नाही. दहा सेकंद जातात, तीन गुण वाचतात.

पदावलीतही तसंच. 'कंचेभागुबेव' (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) सगळ्यांना पाठ असतं, आणि त्यानेच घात होतो. ३६ ÷ ३ चे ४ यात 'चे' आधी, म्हणून ३६ ÷ १२ = ३. डावीकडून सुटलेलं मूल ४८ काढतं. उलट १० − ४ + ३ मध्ये 'बे' आधी म्हणून ४ + ३ करून ३ उत्तर काढणारीही कमी नसतात. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरच्या, डावीकडून जसे येतील तसे करायचे, उत्तर ९. भागाकार-गुणाकाराचंही तेच.

आणखी एक: १२ पेनांची खरेदी किंमत १० पेनांच्या विक्री किंमतीइतकी, तर शेकडा नफा? दोन पेन सुटले, बारावर दोन, म्हणून १६ पूर्णांक २/३ टक्के असं मनात येतं. पण पैसे वसूल झाले ते दहा पेन विकून, नफा दोन पेनांचा, म्हणजे दहावर दोन: २० टक्के. हे सूत्राने शिकवू नका. पेन एक रुपयाला घेतला धरा आणि मुलाला बारा रुपयांचा हिशेब करू द्या.

रोज तास-सव्वा तास गणित. चुकलेल्या गणितांची वेगळी वही ठेवा, पण उत्तर उतरवण्यासाठी नव्हे: का चुकलं ते एका ओळीत लिहायला लावा. 'एकक बदललं नाही', 'प्रश्न अर्धाच वाचला', 'उरलेले विचारले होते, मी गेलेले काढले'. दोन महिन्यांनी वहीत तीन-चारच कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. नवी पुस्तकं आणण्यापेक्षा त्यांच्यावर काम करा.

बाकीचे तीन विभाग

बुद्धिमत्तेसाठी वेगळा क्लास लावायची गरज क्वचितच पडते. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी झाली असेल तर संख्यामालिका, समसंबंध, विसंगत पद, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा हे सगळं तिथेच होतं. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचीही मदत होते, फक्त तिथल्यासारख्या निव्वळ आकृत्यांवर थांबू नका. नवोदय आणि ही परीक्षा एकाच वर्षी देणारी मुलं बरीच असतात आणि ते जमतंही; पण नवोदयला १०० पैकी २५ गुणच अंकगणिताचे, इथे निम्मे, हे वेळापत्रक करताना लक्षात असू द्या.

सामान्य ज्ञानात संरक्षण दलांवर भर द्या. पदांचा क्रम विचारतात आणि तो सरळ पाठ होत नाही. मेजर हा लेफ्टनंटच्या वरचा, पण लेफ्टनंट जनरल मात्र मेजर जनरलच्या वरचा. नौदलातला कॅप्टन भूदलाच्या कॅप्टनबरोबरीचा नसतो, तो कर्नलच्या बरोबरीचा. परमवीर चक्र युद्धातल्या शौर्याचं, अशोक चक्र शांतताकाळातल्या. बाकी राज्यं-राजधान्या, राष्ट्रीय प्रतीकं, खेळ, शरीराचे अवयव आणि परिसर अभ्यासाचं पाचवीचं पुस्तक. रोज वीस मिनिटं पुष्कळ झाली.

भाषेत उतारा आणि व्याकरण. उताऱ्याचे प्रश्न आधी वाचायचे, मग उतारा.

ओएमआर आणि वेळ

हुशार मुलांचे गुण इथे जातात. एक गोल नीट भरायला पाच-सहा सेकंद लागतात. १२५ गोल म्हणजे बारा मिनिटं नुसती रंगवण्यात. सगळे प्रश्न सोडवून शेवटी गोल भरू म्हणणाऱ्याची शेवटच्या पाच मिनिटांत त्रेधा उडते. पुस्तिकेचं एक पान संपलं की त्या पानाचे गोल भरायचे, मगच पान उलटायचं. प्रश्न सोडला तर पुस्तिकेत त्याच्या क्रमांकाभोवती ठळक खूण करा. सोडलेल्या प्रश्नाच्या जागी पुढच्याचं उत्तर भरलं गेलं की तिथून खालचं सगळं एकेक घर सरकतं, आणि हे बहुधा शंभरीच्या पुढे गेल्यावर कळतं. पेनाने भरलेला गोल खोडता येत नाही.

वेळेची वाटणी अशी चालते: गणित ७५ मिनिटं, बुद्धिमत्ता २५, भाषा २०, सामान्य ज्ञान १२. उरलेली १८ सोडलेल्या प्रश्नांसाठी आणि तपासणीसाठी. गणित आधी घ्यायचं की मधे, हे मुलावर अवलंबून आहे. शेवटी मात्र ठेवू नका. एका गणितावर दोन मिनिटं गेली आणि वाट दिसत नसेल तर खूण करून पुढे.

एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. गुण कापत नाहीत, आणि चार पर्यायांत डोळे मिटून भरलेल्या वीस गणितांतली सरासरी पाच बरोबर येतात. ते पंधरा गुण झाले. वर्गशिक्षकांनी 'येत नसेल तर सोडून दे' अशी सवय लावलेली असते, ती या परीक्षेपुरती मोडावी लागते.

२०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी सहावीचा पेपर दुपारी २ ते ४.३० असा होता. सकाळी सहाला सराव करणाऱ्या मुलाला दुपारी तीनला जेवणानंतरची पेंग येते. शेवटच्या दोन महिन्यांत दर रविवारी दुपारी दोनला पूर्ण पेपर, छापील ओएमआरवर, बॉलपेनने, अडीच तास न उठता. मनगटी घड्याळ न घालता सराव करून घ्या. त्या दिवशी वरण-भात, थोडं कमीच. तारखेवर मात्र विसंबून राहू नका: २०२४ची परीक्षा २८ जानेवारीला झाली, २०२५ची थेट ५ एप्रिलला. जानेवारी धरून तयारी करा, पुढे गेली तर उजळणीला वेळ मिळेल.

निकालानंतर

उत्तरसूची आणि तुमच्या ओएमआरची प्रत संकेतस्थळावर येते. गोल जुळवून पाहा आणि आक्षेप घ्यायचा तर मुदतीत घ्या, नंतर ऐकत नाहीत. पुढे ऑनलाइन समुपदेशनात शाळांचा पसंतीक्रम भरायचा. जिथे मुलाला खरंच पाठवणार नाही ती शाळा यादीत टाकू नका.

मग वैद्यकीय तपासणी, आणि लेखी परीक्षेत वर आलेली मुलं इथेही थांबतात. डोळ्यांचा नंबर, रंगांची ओळख, कान, दात, सपाट तळवे, चालताना गुडघ्याला गुडघा लागणं हे सगळं पाहतात. रंगांधळेपणाची चाचणी नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते. ती वर्षभराच्या तयारीआधी करून घ्या. कानातला मळ आणि किडलेले दात तपासणीच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून साफ करून घ्या, आदल्या दिवशी नाही.