बादलीतलं कासव घरी आणल्यावर

वरच्या मजल्यावरचे भाडेकरू घर सोडून गेले, तेव्हा गच्चीच्या जिन्याखाली त्यांची एक निळी बादली राहिली. घरमालकीण काकूंनी मला खालून हाक मारली, "ताई, जरा बघा की हे. जितं हाय का मेलंय, कळंना." बादलीत चार बोटं हिरवं पाणी होतं आणि तळाशी कासव. ओंजळीत मावेल एवढं. डोळे सुजून घट्ट मिटलेले, पाठीवर शेवाळ, पाण्याला गटाराचा वास. मी उचललं तेव्हा त्यानं पाय आत ओढले, इतक्या सावकाश की मला रडू आलं. काकू म्हणाल्या, सहा वर्षांपूर्वी मुलाच्या वाढदिवसाला आणलं होतं, तेव्हा बाटलीच्या बुचाएवढं होतं.

सहा वर्षं बादलीत! कासवाचं दुर्दैव हेच आहे की ते लवकर मरत नाही. कुत्रं उपाशी राहिलं तर भुंकतं, मांजर घर सोडून जातं. कासव महिनोन् महिने अंगातलं कॅल्शियम झिजवत गप्प बसतं, आणि "काही होत नाही त्याला" असं म्हणत माणसं निर्धास्त राहतात. म्हणून तुमच्या हाती असं एखादं कासव आलं तर ते जिवंत आहे म्हणजे बरं आहे, असं धरून चालू नका.

सगळ्यात आधी ते कुठलं आहे ते पाहा. डोळ्यामागे लाल पट्टा, अंगावर हिरव्या-पिवळ्या रेघा असतील, तर ते रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आपल्याकडे दुकानांतून विकली गेलेली बहुतेक कासवं हीच. मोठ्या वयात तो लाल पट्टा फिका पडतो, काही नर तर जवळजवळ काळे होतात, तेव्हा नीट उजेडात बघा. पण पाठीवर चांदण्यांसारखे पिवळे किरण असतील, किंवा कवच कातडीसारखं गुळगुळीत असून पोटाच्या बाजूला मागचे पाय झाकणाऱ्या झडपा असतील, तर ते आपलं देशी कासव आहे. पहिलं चांदणी कासव, दुसरं आपल्या तळ्या-विहिरींतलं झडपेचं कासव. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती घरात ठेवता येत नाहीत. तिथं माझं पुढचं काही वाचत बसू नका, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

आमचं स्लायडरच निघालं. पुढच्या पायांची नखं आखूड, शेपूट बारीक आणि छोटी, म्हणजे मादी. काकूंनी तिचं नाव ठेवलं यमू.

पहिले दोन दिवस

पहिल्या दिवशी हात शिवशिवतात खायला घालायला. घालू नका. कासवाचं रक्त थंड, बाहेर जेवढी ऊब तेवढीच त्याची पचनशक्ती. गार अंगानं खाल्लेलं पोटात तसंच पडून कुजतं. क्रम लक्षात ठेवा: आधी ऊब, मग स्वच्छ पाणी, मग डॉक्टर आणि अन्न सगळ्यात शेवटी.

मी एका रुंद प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी घेतलं. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे थर्मामीटर हाताशी होता: 27 अंश. पाणी फक्त हनुवटीपर्यंत. अशक्त कासव खोल पाण्यात बुडून मरतं, हे पुष्कळांना खरं वाटत नाही, पण त्याला फुप्फुसं आहेत, कल्ले नाहीत. मान वर काढण्याची ताकद गेली की संपलं. अर्धा तास भिजवलं, मग मऊ टूथब्रशनं शेवाळ काढलं. साबण नाही, खोबरेल तेल तर मुळीच नाही. कवचाला तेल लावून चमकवायची एक रीत आहे. त्या तेलावर घाण बसते आणि खाली बुरशी धरते. पाठीवरचे पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटत असतील तर ती वाढ आहे, ओढून काढू नका. पांढुरके, मऊ, वास येणारे खड्डे मात्र कवच सडल्याची खूण. ते डॉक्टरांनाच दाखवायचं.

मग वजन. स्वयंपाकघरातला काटा नको, वेगळा घ्या. यमू 14 सेंटिमीटर लांब आणि 340 ग्रॅम. कवचाची कड अंगठ्यानं दाबली तर किंचित लवायची. एवढ्या वयात कवच लाकडासारखं टणक हवं. ही हाडं विरघळत चालल्याची खूण: कॅल्शियम नाही, ऊन नाही. डोळे सुजले होते ते 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावानं. तिला सहा वर्षं फक्त सुका जवळा घातला होता. दिसत नाही म्हणून खात नाही, आणि खात नाही म्हणून डोळे आणखी सुजतात.

आणखी काही गोष्टी तपासा. पोहताना एका कुशीवर कलंडत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर छातीत संसर्ग आहे. त्यात एक दिवसही थांबू नका.

डॉक्टर शोधायला वेळ लागतो. आमच्या इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "माझ्याकडं म्हशी येतात. याला सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार बघा." त्या प्रामाणिकपणाबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे, कारण कुत्र्या-गुरांना सर्रास देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला मारून टाकतं. 'अ' जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही वजन मोजून द्यावं लागतं, जास्त झालं तर कातडी सोलून निघते. औषधाच्या दुकानातले थेंब आणून घरी प्रयोग करू नका. आम्ही पुण्याला गेलो, पाच तासांचा प्रवास. प्रवासात कासव पाण्यात ठेवायचं नसतं. भोकं पाडलेल्या डब्यात ओलसर टॉवेल, वरून सुती कापड, डबा मांडीवर. कराडच्या पुढे तिनं एकदा मान बाहेर काढली.

टाकी

परत आल्यावर घराचा प्रश्न. दुकानात प्लास्टिकचं नारळाचं झाड असलेला जो वाडगा मिळतो, तो कुठल्याच कासवासाठी पुरेसा नाही. अंदाज असा धरा की कवचाच्या दर अडीच सेंटिमीटरला 40 लिटर पाणी. यमूला सव्वादोनशे लिटर हवं होतं, आणि मादी 25 सेंटिमीटरच्याही वर जाते. एवढी काच मला परवडणारी नव्हती आणि तिची गरजही नाही. मी जुन्या बाजारातून 300 लिटरची आडवी प्लास्टिकची टाकी आणली, वरची बाजू कापून घेतली, कडा कानशीनं घासल्या. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या दुप्पट तरी ठेवा, म्हणजे उताणं पडलं तर उलटायला जागा मिळते. अर्थात, अंगात ताकद आल्यावर. पहिले तीन आठवडे ती टबातच होती. तळाला बारीक खडे घालू नका, कासवं गिळतात आणि आतडं तुंबतं. तळ मोकळाच बरा, झाडायला सोपा.

ऊन खायला कोरडी जागा हवी. पाण्यातून चढून पूर्ण सुकता आलं पाहिजे, पोटाच्या बाजूनंसुद्धा. मी पीव्हीसी पाइपची चौकट करून तिच्यावर खरखरीत शहाबादी फरशीचा तुकडा बसवला आणि पाण्यात उतरणारी एक तिरकी फळी काथ्या गुंडाळून लावली. त्यावर एका टोकाला साधा तारेचा 60 वॅटचा बल्ब, फरशीवर 32 अंश येतील इतक्या उंचीवर. उंची हातानं ठरवू नका, थर्मामीटर ठेवून अर्ध्या तासानं वाचा. शेजारी यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी, नळी. हा दिवा महाग वाटतो आणि लोक तोच टाळतात, पण त्याच्याशिवाय अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम हाडाला लागत नाही. दिवा आणि कासव यांच्यामध्ये काच येऊ देऊ नका, काच ते किरण अडवते. दिवसाला दहा-बारा तास, आणि वर्षानं नळी बदलायची. उजेड दिसत राहतो, पण कामाचे किरण संपलेले असतात.

ऊन फुकट आहे, तेही द्या. आपल्याकडे कोवळ्या उन्हाचं कौतुक असतं, पण सूर्य खाली असताना त्यात यूव्हीबी फारच कमी. मी रविवारी साडेनऊला तिला गच्चीवर पसरट टबात नेते, अर्ध्या टबावर फळी टाकून सावली, वरून जाळी. घारी आणि मांजरं टपलेली असतात. मी तिथंच बसते, वीस-पंचवीस मिनिटं. काचेची टाकी उन्हात कधीही ठेवू नका, पाणी बघता बघता तापतं.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सगळे तिथंच थकतात. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. माशांच्या टाकीचा छोटा फिल्टर आठ दिवसांत तुंबतो. मी कूलरचा पंप टाकीत सोडला, त्याची नळी काठावरच्या 20 लिटरच्या बादलीत नेली. बादलीत वरून खाली स्पंज, भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळ्या आणि मंगळुरी कौलांचे फोडून धुतलेले तुकडे. खालच्या तोटीतून पाणी परत टाकीत. कौलाच्या सच्छिद्र तुकड्यांत जे जिवाणू वसतात, तेच विष्ठेतला अमोनिया मोडतात. त्यांना जम बसायला महिनाभर लागतो, तोवर दर दुसऱ्या दिवशी थोडं पाणी बदला. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं सगळे जिवाणू मरतात. टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाचं पाणी पिंपात एक दिवस उघडं ठेवून मग घालते. नंतर आठवड्याला पाव टाकी पुरते. काढलेलं पाणी जास्वंदीला जातं, आणि जास्वंद यमूला.

कोल्हापूरची थंडी तुम्हाला आम्हाला आवडते, पण टाकीतलं पाणी रात्री 18 अंशांवर आलेलं मी पाहिलं आहे. हीटर लावून 26 वर धरते. काचेचा हीटर कासव धडक मारून फोडतं, तेव्हा तो भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात घाला. पाणी काढण्याआधी बटण बंद करा. प्रत्येक वायर आधी खाली झोका घेऊन मग प्लगकडे वर जाऊ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये शिरत नाही. आणि इलेक्ट्रिशियनकडून त्या जोडणीला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण, बसवूनच घ्या. यात काटकसर नको.

खाणं

इंजेक्शनांनंतर अकराव्या दिवशी तिचा उजवा डोळा उघडला. पहिला घास घेतला तो गांडुळाचा, हलताना दिसलं म्हणून. लहानपणी ही कासवं मांसाहारी जास्त असतात, मोठेपणी पाल्यावर येतात. आता यमूला रोज पाला: शेवग्याचा, जास्वंदीची पानं-फुलं, कधी लाल भोपळ्याचा किंवा गाजराचा कीस. पालक आणि अळू नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कासवाचे तयार दाणे दिवसाआड, तिच्या डोक्याएवढेच. जिवंत काहीतरी आठवड्यातून एकदा. पोळी, भात, दूध, खिमा यांतलं काहीही नाही. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, त्याचा तुकडा पाण्यात तरंगत ठेवा. ती कुरतडते, कॅल्शियमही मिळतं आणि चोचही झिजते. खाऊ घालताना वेगळ्या टबात घ्या, टाकी निम्मी स्वच्छ राहते.

मार्चमध्ये ती अचानक खाईना, रात्रभर कोपरे खरवडायची. मी घाबरले. डॉक्टर फोनवर म्हणाले, अंडी असतील. नर नसतानाही मादी अंडी घालते, आणि पाण्याबाहेर माती मिळाली नाही तर ती पोटातच अडकतात. वीतभर खोल ओलसर वाळूची पेटी ठेवली. तिसऱ्या रात्री पाच अंडी घातली. मादी असेल तर ही पेटी आधीच तयार ठेवा.

घरात लहान मुलं असतील तर एक गोष्ट कडक पाळा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जिवाणू असतो, निरोगी कासवाच्याही. याच कारणासाठी अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. हात लावला की साबणानं धुवायचे, टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही धुवायचा नाही, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती कासव द्यायचं नाही.

मधल्या काळात कितीतरी जणांनी सांगितलं, "एवढं कशाला करताय, रंकाळ्यात सोडून द्या की. पुण्य लागंल." हे कासव रंकाळ्याचं नाही. ते तिथं जगलं, तर आपल्या देशी कासवांचं अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आणि यमूसारखं आजारी कासव सोडलं, तर आपले रोग तिथल्या कासवांना देऊन ते स्वतःही मरतं. नदीत, विहिरीत, देवळाच्या तळ्यात, कुठेच सोडायचं नाही. सांभाळणं जमत नसेल तर सांभाळणारं घर मिळेपर्यंत टब, बल्ब आणि स्वच्छ पाणी एवढं तरी करा. हे जनावर तीस वर्षंही जगतं. मी पन्नाशीची आहे, म्हणून माझ्यामागे यमूला कोण घेईल ते भाचीशी बोलून ठरवलं आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला वजन करून दिनदर्शिकेवर लिहिते. ऑगस्टात 340 होतं, डिसेंबरात 415, या मे महिन्यात 515. कड आता अंगठ्यानं लवत नाही. ऑगस्टच्या पानावर आत्ताच लिहून ठेवलं आहे: यूव्हीबी नळी बदलणे.