नॉक सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

कात्रजचा घाट चौथ्या गिअरमध्ये रेटत चढताना पेट्रोल गाडीच्या इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला, की ‘नॉक सेन्सर गेला’ असे निदान लगेच केले जाते. हे निदान घाईचे असते, कारण आवाज करणे हे सेन्सरचे काम नसून तो टिपणे हे त्याचे काम आहे. सिलिंडरमधील मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटला (यालाच नॉकिंग म्हणतात), की इंजिन ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या सांगाड्याला, काही हजार हर्ट्झचे कंप येतात. ब्लॉकवर बोल्टने कसलेला सेन्सर आपल्या पिझो स्फटिकाद्वारे त्यांचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो आणि तो संकेत मिळताच ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठिणगीचे टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतो. सेन्सरचे सर्किट बिघडले तर बहुतेक गाड्यांत ईसीयू सावधगिरी म्हणून टायमिंग मागेच ठेवतो. त्यामुळे अशा गाडीत आवाजापेक्षा चेक इंजिनचा दिवा, मेलेला पिकअप आणि घसरलेले ॲव्हरेज हीच लक्षणे आधी दिसतात.

खरोखरच नॉकिंग होत असेल, तर सिलिंडरमध्ये साचलेला कार्बन, तापणारे इंजिन, चुकीच्या हीट रेंजचे (इंजिनाला न साजेशा वेगाने उष्णता बाहेर टाकणारे) स्पार्क प्लग किंवा चढावर वेळेवर गिअर न उतरवण्याची सवय ही कारणे प्रथम तपासावीत. पुण्यात सीएनजी बसवलेल्या गाड्या भरपूर आहेत, आणि त्यांच्या मालकांना एक सोपी परीक्षा फुकटात उपलब्ध आहे. सीएनजी पेट्रोलपेक्षा नॉकिंगला बरेच कमी दाद देते. म्हणून त्याच चढावर सीएनजीवर आवाज थांबला, तर संशय ज्वलनाकडे जातो, आणि तसाच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), सैल हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) किंवा इंजिन माउंटिंग पाहावे लागते.

दुसरी चूक स्कॅनरवरचा कोड (ईसीयूने नोंदवलेल्या दोषाचा क्रमांक) हाच अंतिम निकाल मानण्याची. पी0325 हा कोड पहिल्या सेन्सरच्या सर्किटमधील दोष सांगतो, पी0327 संकेत फार कमी असल्याचे आणि पी0328 फार जास्त असल्याचे. यांपैकी कोणताही कोड ‘सेन्सर बदला’ असे म्हणत नाही. सर्किटमध्ये वायर आणि कनेक्टरही येतात, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार-चार दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. सेन्सरची वायर बऱ्याचदा शील्ड केलेली, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या आवरणाची, असते. तिचे शील्ड तुटले की इग्निशनचा विद्युत गोंगाट संकेतात मिसळतो. त्यामुळे कनेक्टर सोडवून पिनांवर हिरवट गंज आहे का आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) कुठे घासला आहे का, हे आधी डोळ्यांनी पाहावे.

मल्टिमीटरने तर चांगले सेन्सरही भंगारात गेले असतील. अनेक पिझो सेन्सरचा रोध काही मेगाओहम असतो, तर स्वस्तातला मीटर 2 मेगाओहमपर्यंतच मोजतो. पडद्याच्या डाव्या कडेला नुसता ‘1’ दिसतो आणि सेन्सर ‘ओपन’ ठरवला जातो. याउलट काही गाड्यांत हा रोध काहीशे किलोओहमच असतो, म्हणून त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा. कनेक्टर काढून मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवावा आणि सेन्सरजवळच्या ब्लॉकवर छोट्या हातोडीने हलके ठोकावे. आकडा हलला तर स्फटिक निदान जिवंत आहे. खुद्द सेन्सरवर मात्र कधीही ठोकू नये.

बदलायचाच ठरला, तर पुण्यातल्या नाना पेठेच्या सुट्या भागांच्या बाजारात केवळ कनेक्टर जुळतो म्हणून सेन्सर उचलू नये. काही सेन्सर एका ठरावीक कंपनालाच प्रतिसाद देतात, काही विस्तृत पट्ट्याला, आणि ईसीयू त्यातल्या एकासाठीच जुळवलेला असतो. बसवण्याची जागा गंज आणि रंग खरवडून स्वच्छ करावी, मध्ये जास्तीचा वॉशर घालू नये आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच (कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) कसावा. अनेक गाड्यांत हा टॉर्क 20 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. हाताच्या अंदाजाने कमी-जास्त कसल्यास नवा सेन्सरही चुकीचे ऐकतो, आणि कोड पुसून गाडी परत घाटात नेली की तोच दिवा पुन्हा लागतो.