बोडोनी वापरताय? आधी साइझ बघा

बोडोनी हा फॉन्ट दिसायला एकदम रॉयल, पण कुठेही टाकला की झालं असं नाही हां. १७६८ पासून इटलीतल्या पार्मात छापखाना सांभाळणाऱ्या जांबात्तिस्ता बोडोनीची ही स्टाइल, उभ्या रेघा जाड आणि आडव्या केसासारख्या बारीक, म्हणून हेडिंगला मोठ्या साइझमध्ये झकास दिसतो पण तोच बारीक मजकुराला लावला की त्या रेघा गायबच होतात आणि नुसते दांडे उरतात, वाचणार कोण ते! छोट्या अक्षरात हवाच असेल तर गूगल फॉन्ट्सवरचा बोडोनी मोडा घ्या, फुकट आहे, त्यात ऑप्टिकल साइझ बदलता येते, म्हणजे छोट्या अक्षरांसाठी बारीक रेघा जरा जाड करता येतात. काळ्यावर पांढरी अक्षरं छापताना जपून, शाई पसरून रेघा बुजतात. सगळी कॅपिटल असतील तर अक्षरांत थोडी जागा सोडा. खालच्या मजकुराला साधा सॅन्स, म्हणजे टोकांना बारीक रेघा नसलेला फॉन्ट बरा.